भारतातील विधी महाविद्यालयांची प्रतिष्ठा व नवोदित वकिलांची कारकीर्द

भारतात वकिलीची सनद सर्वांना सारखीच मिळते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीने पदवी कोठून घेतली, यावरून तिच्या अधिकारांत फरक पडत नाही. व्यवहारात मात्र पहिली नोकरी, पहिले वेतन आणि वकिलीत टिकून राहण्याची शक्यता यांवर शिक्षणसंस्थेच्या नावाचा मोठा प्रभाव पडतो. हा प्रभाव सर्व क्षेत्रांत सारखा नाही. कंपन्यांची कामे करणाऱ्या मोठ्या लॉ फर्ममध्ये तो निर्णायक ठरतो, उच्च न्यायालयात तो काही प्रमाणात जाणवतो आणि तालुका व जिल्हा न्यायालयांत तो जवळजवळ नाहीसा होतो.

पार्श्वभूमी

पदवीच्या प्रतिष्ठेवरून वकिलांत उच्चनीच ठरवण्याची प्रथा ब्रिटिश काळापासूनची आहे. लंडनमधील 'इन'मधून बॅरिस्टर होऊन आलेल्यांना प्रेसिडेन्सी शहरांतील उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत युक्तिवाद करण्याचे विशेष स्थान होते. भारतीय विद्यापीठाची पदवी घेतलेले वकील आणि परीक्षा देऊन झालेले जिल्हा प्लीडर हे त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर मानले जात. १९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स अधिनियमाने हा भेद सैल केला आणि १९६१ च्या अधिनियमाने 'अधिवक्ता' हा एकच वर्ग निर्माण केला.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये सुरू झाले. ते आशियातील सर्वांत जुने विधी महाविद्यालय मानले जाते. लोकमान्य टिळकांनी कायद्याचे शिक्षण येथेच घेतले. पुण्यातील आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ मध्ये स्थापन झाले. भारताचे माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर व य. वि. चंद्रचूड हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

उत्तम पदवी असूनही कामे मिळत नाहीत, हा अनुभव नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथील शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये मुंबईत वकिलीसाठी उभे राहिले. त्या काळी उच्च न्यायालयातील बॅरिस्टरला काम सॉलिसिटरमार्फत मिळत असे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टरकडे काम सोपवण्यास सॉलिसिटर सहसा तयार नसत. आंबेडकरांना मोफसलमधील खटल्यांवर अवलंबून राहावे लागले. चरितार्थासाठी १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखापाल प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्याहून अधिक मान्यवर पदव्या असलेला वकील तेव्हाच्या मुंबईत शोधूनही सापडला नसता.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा उदय

१९८० च्या दशकापर्यंत कायद्याची पदवी बहुधा अन्य पदवीनंतर, नोकरी सांभाळून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वर्गांत घेतली जाई. 'दुसरे काही जमले नाही म्हणून एलएल.बी.' असे तिच्याविषयी उपहासाने म्हटले जाई. ही स्थिती बदलण्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या पुढाकाराने बंगळुरू येथे नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन होते. १९८८ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला आणि पहिली तुकडी १९९३ मध्ये बाहेर पडली. पुढे भोपाळ, हैदराबाद, कोलकाता, जोधपूर येथे याच धर्तीवर विद्यापीठे उभी राहिली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमानुसार मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे स्थापन झाली.

या विद्यापीठांचा मूळ हेतू न्यायालयांना सुशिक्षित वकील पुरवण्याचा होता. परंतु पहिल्या तुकड्या बाहेर पडत असतानाच १९९१ नंतरचे आर्थिक उदारीकरण सुरू झाले. परकीय गुंतवणूक, कंपन्यांचे विलीनीकरण, भांडवल बाजार यांसाठी करारांचे मसुदे करणाऱ्या वकिलांची गरज अचानक वाढली आणि लॉ फर्मना हवा असलेला इंग्रजीत निष्णात, संशोधनात तरबेज पदवीधर याच विद्यापीठांत तयार मिळू लागला. न्यायालयासाठी घडवलेले विद्यार्थी त्यामुळे मोठ्या संख्येने कॉर्पोरेट कार्यालयांत गेले. या विद्यापीठांवर सर्वाधिक होणारी टीका हीच आहे. मात्र तिचा सारा भार विद्यार्थ्यांवर टाकणे न्याय्य नाही. लाखांच्या घरात जाणारे शुल्क आणि त्यासाठी काढलेले शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या पदवीधराला विनावेतन ज्युनिअरी परवडत नाही.

प्रवेशपरीक्षा व भाषा

राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेश २००८ पासून 'क्लॅट' या सामाईक परीक्षेद्वारे होतात. दिल्लीचे विद्यापीठ स्वतंत्र परीक्षा घेते. क्लॅट इंग्रजीतच घेतली जाते व तिचा भर दीर्घ उतारे वेगाने वाचण्यावर असतो. त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या, शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्याची वाट येथेच अरुंद होते. ही परीक्षा भारतीय भाषांतूनही घ्यावी, या मागणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. वंचित गटांतील मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याच्या हेतूने शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'इडिया' हा उपक्रम सुरू केला.

याउलट महाराष्ट्रातील अन्य विधी महाविद्यालयांसाठीची राज्य सीईटी मराठीतही देता येते. ग्रामीण भागातील अनेक वकील याच मार्गाने वकिलीत आले आहेत.

लॉ फर्ममधील भरती

प्रतिष्ठेचा सर्वांत थेट लाभ येथे दिसतो. सिरिल अमरचंद मंगलदास, शार्दूल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी, ट्रायलीगल यांसारख्या मोठ्या फर्म भरतीसाठी मुख्यतः आघाडीच्या विद्यापीठांत जातात. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेला शहरातील कार्यालयांच्या सान्निध्याचा फायदा मिळतो, कारण तेथील विद्यार्थी शिक्षण घेत असतानाच या कार्यालयांत उमेदवारी करू शकतात. अनेकदा अंतिम निवड मुलाखतीत होत नाही. चौथ्या वर्षाच्या सुमारास केलेल्या महिनाभराच्या इंटर्नशिपमध्येच ती ठरते. अशा इंटर्नशिपसाठी आलेल्या शेकडो अर्जांची पहिली चाळणी महाविद्यालयाच्या नावावरून होते, अशी तक्रार इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी सातत्याने करतात.

मोठ्या फर्ममध्ये प्रारंभीचे वार्षिक वेतन पंधरा लाख रुपयांच्या पुढे जाते. कामाचे तास दीर्घ असतात व काही वर्षांत अनेक जण कंपन्यांच्या विधी विभागांत जातात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे अशा नोकरीत जाताना सनद स्थगित ठेवावी लागते. फर्ममध्ये एकदा तीन-चार वर्षे काढली की पुढच्या नोकरीसाठी महाविद्यालयाचे नाव मागे पडते. त्यापुढे कोणत्या व्यवहारांवर काम केले, हे विचारले जाते. 'एनआयआरएफ' या केंद्र शासनाच्या क्रमवारीत विधी शाखेचा समावेश २०१८ मध्ये झाला व बंगळुरूच्या विद्यापीठाने तेव्हापासून पहिले स्थान राखले. फर्मची पसंती मात्र या क्रमवारीच्या कितीतरी आधी ठरून गेलेली होती.

न्यायालयीन वकिलीची पहिली वर्षे

न्यायालयात नवोदिताची खरी शाळा म्हणजे सिनिअरचे चेंबर. दाव्याचा मसुदा, कैफियत, तारीख घेणे, दप्तरातून नक्कल मिळवणे, उलटतपासाची टिपणे या गोष्टी येथे शिकल्या जातात. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. तथापि अभिरूप न्यायालयातील पारितोषिक आणि कारकुनाकडून फाइल वेळेत हाती येणे, या दोन वेगळ्या कला आहेत.

बार कौन्सिलचा ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करण्यास व काम मागण्यास मनाई करतो. व्यवसायाची प्रतिष्ठा राखणे हा त्याचा हेतू आहे. त्याचा परिणाम मात्र असा की, पक्षकार तोंडी शिफारशीनेच येतो. ज्याचे वडील किंवा काका वकील आहेत, त्याला चेंबर, ग्रंथालय व पक्षकार वारशाने मिळतात. पहिल्या पिढीच्या वकिलाला यांपैकी काहीच नसते. प्रतिष्ठित विद्यापीठाचे नाव ही उणीव अंशतः भरून काढते. दिल्ली किंवा मुंबईतील नामांकित सिनिअरच्या चेंबरमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीने शिरकाव होतो. जिल्ह्याच्या बार रूममध्ये मात्र या नावाला कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातून अलीकडे सरन्यायाधीशपदी गेलेल्यांपैकी शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे, उदय लळीत मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे आणि भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे पदवीधर होत. छोट्या शहरांतील महाविद्यालयांच्या बाजूने ही उदाहरणे नेहमी दिली जातात. परंतु बोबडे यांचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते, लळीत यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश होते आणि गवई यांचे वडील रा. सू. गवई हे राज्यातील ज्येष्ठ राजकीय नेते होते, ही बाजूही सांगितली पाहिजे. शिवाय तिघेही राष्ट्रीय विद्यापीठांची पहिली तुकडी बाहेर पडण्यापूर्वीच वकिलीत आले होते.

शुल्क, परीक्षा व विद्यावेतन

सनदेसाठी अनेक राज्य बार कौन्सिल हजारो रुपये आकारत असत. गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी, कायद्यात नमूद केलेल्या ७५० रुपयांहून (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून) अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा २०११ पासून घेतली जाते व तिची वैधता घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली.

अधिक कठीण प्रश्न ज्युनिअरच्या विद्यावेतनाचा आहे. अनेक चेंबरमध्ये ज्युनिअरला प्रवासखर्चापुरती रक्कम मिळते, काही ठिकाणी तीही मिळत नाही. 'काम शिकवतो, हेच वेतन' ही जुनी समजूत अद्याप टिकून आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या जून २०२४ मधील आदेशानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतनाची शिफारस केली. ती बंधनकारक नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक सिनिअरांचे स्वतःचे उत्पन्नही बेताचे असते, ही अडचण खरी आहे. तरीही विद्यावेतनाअभावी ज्या मुलामुलींना घरून पैसे येत नाहीत त्यांनाच आधी वकिली सोडावी लागते. शहरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या तरुणींची अडचण याहून मोठी असते.

न्यायसेवा

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेद्वारे होते. या परीक्षेत महाविद्यालयाच्या नावाला महत्त्व नसते, म्हणून साधारण परिस्थितीतील पदवीधरांचा तिच्याकडे ओढा आहे. २००२ पासून नवपदवीधरांनाही ती देता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुढील भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायाधीशाला न्यायालयाचा अनुभव हवा, हे म्हणणे योग्यच आहे. परंतु ती तीन वर्षे कशावर काढायची, हा प्रश्न विद्यावेतनाच्या प्रश्नाशी येऊन मिळतो.

जिल्हा न्यायालये व गोवा

महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. साक्ष, सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा हे सारे मराठीत असते आणि अनेक जुने दस्तऐवज मोडीत असतात. येथे इंग्रजी माध्यमातील नामांकित पदवीधर अडखळतो व गावाकडचा वकील सहज वावरतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक मालमत्तेचा कायदा आणि वारसांच्या 'इन्व्हेंटरी' प्रकरणांची पद्धत माहीत असावी लागते. ती मिरामार वा मडगावच्या विधी महाविद्यालयांत शिकून स्थानिक सिनिअरकडे बसलेल्याला अधिक अवगत असते.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांची त्यासाठीची मागणी अनेक दशकांची होती. या भागातील नवोदित वकिलाला आता मुंबईत राहण्याचा खर्च न करताही उच्च न्यायालयात वकिली करता येते.