पुठ्ठ्याच्या वजनमापाची कुळकथा

गोंदियाहून वडसा-नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, झाडीपट्टीच्या ऐन धानाच्या मुलखात, अर्जुनी मोरगाव हे तहसिलीचे गाव आहे. चोहीकडे तलाव आणि बांध्या, जवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, आणि मळणी आटोपली की जागोजाग रचलेले तणसाचे ढीग, असा हा प्रदेश. येथील धान्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या गोणपाटाच्या बारदान्यावर चालत आला. पुठ्ठ्याच्या खोक्याची गरज भासते ती पाकीटबंद तांदूळ किंवा मधाच्या बाटल्या दूरच्या बाजारी धाडू पाहणाऱ्या नव्या उद्योजकाला. तो खोकी बनविणाऱ्याकडे गेला की त्याला तीन प्रश्न विचारले जातात: किती प्लाय, किती जीएसएम, किती बीएफ? हे तीन आकडे कोणाच्या सोयीसाठी जन्मास आले, हे ठाऊक असल्यावाचून त्यांचे योग्य उत्तर देता येत नाही, अशी माझी खात्री आहे.

या कुळकथेचा मूळ पुरुष म्हणजे तणसच होय. याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बल्लारपूर येथे, लाला करमचंद थापर यांनी 1945 साली जी कंपनी स्थापन केली तिचे नाव ‘बल्लारपूर स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ असे होते. पुढे बांबूच्या लगद्यापासून होणाऱ्या कागदासाठी ती विख्यात झाली आणि 1975 साली ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तथापि तिच्या पहिल्या सनदेवर नाव होते ते काडापासून होणाऱ्या पुठ्ठ्याचे. या पुठ्ठ्याची कृती साधी आहे: काड चुन्याच्या पाण्यात वाफेच्या दाबाखाली शिजवावयाचे, धुऊन कुटावयाचे, आणि त्या लगद्याचे पातळ थर एकावर एक चढवून वाळवावयाचे. पिवळसर, कडक, पण घडी घालताच मोडणारा असा हा पुठ्ठा वह्या-पुस्तकांच्या बांधणीला उत्तम. खोक्याला मात्र एकट्याने अपुरा. बांधणीकार तो औंसावर मागत, म्हणजे ठरीव आकाराच्या एका तावाचे वजन सांगत, आणि त्या वजनावरून जाडी आपोआप समजे. 24 औंसी पुठ्ठा असे म्हटले की बोटांना त्याची जाडी कळे. वजनावरून जाडी ओळखण्याची ही सवय एकाच जातीच्या मालापुरती खरी होती. लगदा बदलला की ती फसवू लागते, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी.

1956 च्या कायद्यान्वये आपल्या देशाने दशमान वजनमापे स्वीकारली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली, तेव्हा रीम, पौंड आणि औंस यांच्या जागी कागदाच्या व्यवहारात एक चौरस मीटर तावाचे ग्रॅममधील वजन, म्हणजेच जीएसएम, क्रमाक्रमाने रुजू झाले. हे माप निर्दोष आहे. परंतु ते मुळात विकणाऱ्याचे माप आहे, कारण गिरणी कागद टनावर विकते. ग्राहकाचा माल सुखरूप पोहोचेल की नाही, याविषयी ते एकटे काहीच बोलत नाही.

आता पन्हळी पुठ्ठ्याची वंशावळ पाहू. 1856 साली हीली आणि ॲलन या दोघा इंग्रजांनी चुण्या घातलेल्या कागदाचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. 1871 साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी योजिला. आणि 1874 साली ऑलिव्हर लाँगने पन्हळीला सपाट कागदाचे अस्तर चिकटवून तिला आजचे रूप दिले. पन्हळ दबू नये म्हणून अस्तर आणि अस्तर वाकू नये म्हणून पन्हळ, असा हा परस्परांचा आधार आहे. दोन अस्तरे व मधली एक पन्हळ (फ्लूट) मिळून तीन प्लाय, तीन अस्तरे व दोन पन्हळी मिळून पाच प्लाय. यातील मधली पन्हळ अमेरिकेत दीर्घकाळ काडाच्या कागदाचीच असे, आणि तिची जाडी इंचाच्या नऊ सहस्रांश, म्हणजे सुमारे 0.23 मिलिमीटर, ठरलेली होती. तृणधान्याच्या ज्या काडाने बल्लारपूरच्या कारखान्याला त्याचे पहिले नाव दिले, त्याच्याच जातीच्या धाग्याने जगाचा माल प्रथम पेलला, हे अर्जुनीच्या शेतकऱ्याने अभिमानाने जाणून घ्यावे असे आहे.

वजन आणि ताकद यांची सांगड घातली ती रेल्वेने. लाकडी पेटीला सरावलेल्या अमेरिकन रेल्वे कंपन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर जादा आकार लावीत. कॅलिफोर्नियातील प्रिडम नावाच्या खोकी बनविणाऱ्याने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि 1914 साली तेथील आंतरराज्य वाणिज्य आयोगाने त्याच्या बाजूने निवाडा दिला. पण मालाच्या नुकसानीची भरपाई ज्याच्या अंगावर येते तो हमी मागणारच. म्हणून रेल्वेच्या नियमांनी अस्तरांचे किमान वजन आणि फुटण्याची किमान ताकद ठरवून दिली. जॉन म्युलन याने 1887 साली एक यंत्र काढले होते. त्यात रबरी पडद्यामागून दाब वाढवीत नेऊन कागद कोणत्या दाबाला फुटतो हे मोजतात. तेच यंत्र न्यायाधीश ठरले. चौरस इंचाला 200 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 14 किलो, ही ताकद आणि दोन्ही अस्तरे मिळून सुमारे 410 जीएसएम, हा तेथील अव्वल दाखला. अशा खोक्यात खोक्यासह 65 पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो, एवढा माल भरण्यास परवानगी होती. आपल्याकडील बीएफ (बर्स्टिंग फॅक्टर) हे याच परीक्षेचे अपत्य आहे: जीएसएमला बीएफने गुणून हजाराने भागले की त्या कागदाची फुटण्याची ताकद चौरस सेंटिमीटरला किलोत मिळते. 150 जीएसएम, 20 बीएफ म्हणजे तीन किलो.

आणि येथेच मोठी गफलत होते. फुटण्याची परीक्षा उपयोगी खरी, पण ती रेल्वेच्या धक्क्यावर खोक्याला लागणाऱ्या टोच्याची परीक्षा आहे. गोदामात खोके आतून फुटत नाही. वरच्या थप्पीच्या भाराने त्याच्या भिंती वाकतात आणि ते बसते. अमेरिकेतील मॅकी या संशोधकाने 1963 साली दाखवून दिले की खोक्याचा भार सोसण्याचा गुण पुठ्ठ्याच्या कडेच्या ताकदीच्या, म्हणजे कडेवर उभा धरून दाबल्यास तो सोसतो त्या भाराच्या, प्रमाणात वाढतो आणि जाडी व खोक्याचा परिघ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे कडेची ताकद तीच राहून सुमारे 3 मिलिमीटरच्या बी फ्लूटऐवजी सुमारे 4 मिलिमीटरची सी फ्लूट घेतली, तर भारक्षमता जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढते, आणि कागद वाढतो तो फार थोडा. किंबहुना खोक्याची खरी किंमत त्या दोन अस्तरांमधील अंतरात आहे. अमेरिकन रेल्वेच्या नियमांनीदेखील 1991 पासून फुटण्याच्या परीक्षेला पर्याय म्हणून कडेच्या ताकदीची परीक्षा मान्य केली.

आपल्या मुलखात याहून मोठा शत्रू पावसाळा आहे. भारतीय मानकानुसार कागद 27 अंश उष्णता आणि 65 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत तपासतात. श्रावणात अर्जुनीच्या गोदामातील हवा तशी कोरडी कोठून असणार? आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की खोक्याची भारक्षमता कोरड्या हवेतल्याच्या जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय दीर्घकाळ भार सोसणारे खोके थकते, आणि एकावर एक खोकी वाकडी रचली तर ज्या कोपऱ्यांवर सर्वाधिक भार पेलावयाचा तेच निरुपयोगी होतात. म्हणून हिशेब उलटा, भारापासून करावा. 10 किलोचे खोके सहा थरांत रचावयाचे असेल तर तळच्या खोक्यावर 50 किलो येतात. ओल, काळ आणि हाताळणी यांसाठी त्याला चौपट करण्याचा दस्तूर सुज्ञ आहे, तेव्हा 200 किलो सोसणारे खोके हवे. ही क्षमता जाड फ्लूटच्या तीन प्लायने साधते की पाच प्लाय लागते, हे नंतर पाहावे. आतला माल स्वतः भार घेत असेल, जशी काचेची बाटली घेते, तर काही सूट मिळते. तांदळाचे मऊ पाकीट मात्र तशी सूट देत नाही.

एकेका डब्याच्या छापील पुठ्ठ्यालाही हाच न्याय लागू आहे. समान 300 जीएसएमचे दोन पुठ्ठे जाडीत भिन्न असू शकतात, आणि ताठरपणा जाडीच्या सुमारे तिसऱ्या घाताने वाढत असल्यामुळे फुगीर पुठ्ठा घट्ट पुठ्ठ्याहून ताठ उभा राहतो. म्हणून जीएसएमबरोबर मायक्रॉनमधील जाडीही विचारावी.

तेव्हा खोक्यांची मागणी नोंदविताना मालाचे वजन, थरांची संख्या, साठवणीचे दिवस आणि पावसाळा या चार गोष्टी प्रथम लेखी द्याव्यात, आणि प्लाय, जीएसएम व बीएफ हे त्यांचे उत्तर म्हणून कारखानदाराकडून घ्यावेत. मिळालेल्या नमुन्याची भारक्षमता तपासून घेण्याची सोय मुंबईत 1966 साली स्थापन झालेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत आहे.