विद्यार्थ्यांची पंगत : कोल्हापूर व सातारा येथील वसतिगृहांतील अन्नव्यवहार

आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासांत शाळा, शिक्षक, क्रमिक पुस्तकें व सरकारी ठराव यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. विद्यार्थी कोठें जेवत होता, कोणाच्या हातचें जेवत होता व पंगतींत त्याचें पान कोठें मांडलें जात होतें, याचा विचार त्या मानानें थोडा झाला. वास्तविक परगांवीं शिकावयास गेलेल्या गरीब मुलाचें शिक्षण पुष्कळदां या एकाच गोष्टीवर अवलंबून असे. फी माफ झाली तरी जेवणाची सोय न लागल्यास त्यास घरीं परतावें लागे. विद्यार्थ्यांच्या भोजनांत निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या आचारांची सोय कशी लावावी, हा प्रश्न शाळांतील पोषण आहाराच्या निमित्तानें अलीकडे पुन्हा चर्चेंत आला आहे. त्याचा पूर्वेतिहास कोल्हापूर व सातारा येथील वसतिगृहांच्या आधारें थोडक्यांत मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. भोजनासंबंधींचे आचार दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार काय खावें व केव्हां खावें यासंबंधींचा. जैन सूर्यास्तानंतर जेवीत नाहींत व कंदमुळें वर्ज्य मानतात. लिंगायत मांसाशन करीत नाहींत. मुसलमान डुकराचें मांस निषिद्ध मानतात व रमजानांत दिवसा उपवास करितात. वारकरी एकादशी पाळतो. दुसरा प्रकार कोणाच्या हातचें खावें व कोणाच्या पंक्तीस बसावें यासंबंधींचा. पहिल्या प्रकारच्या आचाराचा भार तो पाळणारावर पडतो. दुसऱ्याचा भार मात्र शेजारच्या मनुष्यावर पडतो, कारण त्यांत त्याच्या स्पर्शासच दोष लाविलेला असतो. रूढीनें या दोहोंस सोंवळें या एकाच नांवाखालीं घातलें, आणि वसतिगृहांच्या इतिहासांतील बहुतेक तंटे या घोटाळ्यांतून उद्भवले, असें आम्हांस वाटतें.

जुन्या पद्धतींत हा प्रश्न उद्भवतच नसे. वेदाध्ययन करणारीं ब्राह्मण मुलें माधुकरी मागून अथवा वार लावून जेवीत. आठवड्याचे सात वार सात घरीं लागले कीं मुलाची चिंता मिटे. इंग्रजी शाळा निघाल्यावरहि हीच व्यवस्था उपयोगी पडली, आणि खेड्यांतून आलेल्या कित्येक गरीब ब्राह्मण मुलांचें इंग्रजी शिक्षण या वारांवरच पुरें झालें. परंतु कुणबी, माळी अथवा मुसलमान मुलास शहरांत असें घर मिळणें दुर्घट होतें. महार-मांगांच्या मुलास तर ओसरीवर पाऊल ठेवण्याचीहि मुभा नव्हती. सरकारनें शाळेचा दरवाजा सर्वांस उघडला असें कागदोपत्रीं म्हटलें, तरी स्वयंपाकघराचा दरवाजा बंदच राहिला, व त्यामुळें शाळेचाहि अर्धा बंद झाल्यासारखा होता.

हा अडसर शाहू छत्रपतींनीं ओळखिला. १८९४ सालीं राज्याधिकार हातीं आल्यावर दोन वर्षांनीं, म्हणजे १८९६ मध्यें, कोल्हापुरास सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राजाराम वसतिगृह निघालें. हेतु उदार होता. परंतु व्यवस्था ब्राह्मण कारभाऱ्यांच्या हातीं राहिली, आणि थोड्याच वर्षांत तेथें बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले. सर्वांसाठीं म्हणून काढलेल्या संस्थेंत ज्या एका वर्गाचें सोंवळें कडक, त्याचाच आचार साऱ्या घराचा आचार होतो व बाकीचे आपोआप बाहेर पडतात, हा धडा या प्रयोगानें दिला.

यावर महाराजांनीं योजिलेला उपाय प्रसिद्ध आहे. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें व त्याच वर्षीं दिगंबर जैन बोर्डिंगहि स्थापन झालें. १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं व १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क यांच्या नांवाचें वसतिगृह निघालें. पुढें लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, प्रभु, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. दरबारनें जागा व नेमणूक द्यावी आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांनीं वर्गणी जमवून कारभार पाहावा, अशी साधारण रीत होती.

या व्यवस्थेस जातिभेदाचें पोषण म्हणून दूषण देण्यांत आलें, आणि तें सर्वस्वीं निराधार होतें असें म्हणतां येत नाहीं. तथापि त्या काळच्या खेड्यांतील बापाच्या दृष्टीनें पाहिलें असतां तिचें महत्त्व कळतें. जैन बापास आपला मुलगा दिवस मावळण्यापूर्वीं जेवेल, मुसलमान बापास त्याचा रोजा मोडणार नाहीं, असा भरंवसा मिळाल्याखेरीज तो मुलास कोल्हापुरास धाडण्यास धजत नसे. वेगळ्या चुलीनें तो भरंवसा दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत अक्षरओळख नव्हती, तेथील मुलें हायस्कुलांत जाऊन बसलीं. स्वतः महाराजांस हा वेगळेपणा कायमचा नको होता. १९२० सालीं नाशिक येथें उदाजी मराठा वसतिगृहाच्या कोनशिलेच्या प्रसंगीं त्यांनीं या प्रश्नाचा परामर्श घेऊन जातिभेद मोडणें हेंच साध्य ठरविलें होतें. गंगाराम कांबळे या महार गृहस्थास हॉटेल काढून देऊन तेथील चहा त्यांनीं स्वतः घेतला व बरोबरच्या मंडळींसहि पाजविला, ही गोष्ट कोल्हापुरांत आजहि सांगितली जाते. कोणाच्या हातचें, हा प्रश्न ते कसा सोडवीत होते, हें यावरून दिसतें.

परंतु वेगळ्या चुलीचा दोषहि लौकरच प्रकट झाला, आणि तोहि कोल्हापुरांतच. कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव पाटील हे त्या वेळीं जैन बोर्डिंगांत राहून शिकत होते. चरित्रकार सांगतात कीं, मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांस स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यांत आलें. तें त्यांनीं नाकारल्यामुळें त्यांस बोर्डिंग सोडावें लागलें. या प्रसंगीं भाऊरावांनीं जैन धर्मास निषिद्ध असें कांहीं खाल्लें होतें असा आरोप नव्हता. ते कोणांत मिसळले, एवढाच आक्षेप होता. आहाराच्या नियमासाठीं उभारलेल्या भिंतींच्या आंत विटाळाचा नियमहि येऊन राहिला होता, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

हा विटाळ वसतिगृहांपुरताच होता असेंहि नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत असतां भीमराव आंबेडकर यांस एकदां फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेविलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गांतील मुलांनीं ते धांवत जाऊन बाजूस काढले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. तेथें एकत्र भोजन नव्हतें, प्रत्येकाचें अन्न आपापल्या घरचें होतें. तरीहि एका मुलाची सावली दुसऱ्याच्या डब्यावर चालत नव्हती.

भाऊरावांनीं पुढें जें केलें तें या अनुभवाचें उत्तर होय. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली व १९२४ सालीं सातारा येथें तिचें वसतिगृह सुरू झालें. तेथें मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एका छपराखालीं राहत, पाळीपाळीनें कामें करीत व एका पंक्तीस जेवीत. या पंगतीचा मोठा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं उचलला. त्या सोंवळेंओवळें कडकपणें पाळणाऱ्या घरांत वाढलेल्या होत्या. तरीहि सर्व जातींच्या मुलांस त्यांनीं आपल्या हातानें वाढलें, आणि कोठारांतील धान्य संपलें तेव्हां अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मोडण्यास दिलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग असें नांव देण्यांत आलें. ज्या राजानें जातवार चुली मांडून दिल्या, त्याचें नांव सर्वांच्या एका चुलीस देण्यांत भाऊरावांस विसंगति वाटली नाहीं. कोल्हापुरानें मुलास घराबाहेर काढून शाळेंत आणलें नसतें, तर साताऱ्याच्या पंगतीस बसण्यास मुलें आलींच नसतीं.

आतां अलीकडील स्थितीकडे वळूं. १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळांसाठीं मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली व २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. वसतिगृहांत जो प्रश्न शेंकडो मुलांपुरता होता, तो आतां प्रत्येक गांवच्या शाळेंत जाऊन पोंचला, आणि वरील दोन्ही प्रकार पुन्हा दृष्टीस पडले. २०२३ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें मुलांस आठवड्यांतून एकदां अंडें देण्याचें ठरविलें व अंडें न खाणारांस केळें अथवा दुसरें फळ ठेविलें. विरोध झाल्यावर २०२५ च्या जानेवारींत अंड्यांचा सरकारी खर्च बंद करण्यांत आला. हा वाद पहिल्या प्रकारचा, म्हणजे काय खावें याचा होता, आणि केळें हें त्यावरचें सरळ उत्तर होतें. उलटपक्षीं दलित स्त्रीनें शिजविलेलें अन्न मुलांस खाऊं न देण्याचे प्रकार देशांत ठिकठिकाणीं घडले. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वयंपाकी व मदतनीस नेमतांना दलितांस प्राधान्य द्यावें असें सांगितलें, तें या दुसऱ्या प्रकारच्या आक्षेपास दिलेलें उत्तर होय.

या सर्व विवेचनावरून आमचें अनुमान असें. मुलाच्या पानांत काय वाढावें याविषयीं शाळेनें जितकें नमतें घेतां येईल तितकें घ्यावें. तेथें सवलत दिल्यानें शेजारच्या मुलाचें कांहींच जात नाहीं, आणि ती न दिल्यास मूलच शाळेस मुकतें, हें १८९६ च्या प्रयोगानें दाखविलें आहे. पान कोणाशेजारीं मांडावें व त्यावर कोणीं वाढावें, याविषयीं मात्र सवलत देण्यास इतिहासांत आधार सांपडत नाहीं. ती दिली कीं तिची किंमत दुसऱ्या एखाद्या मुलास अपमानाच्या रूपानें मोजावी लागते, आणि तें मूल ती कधींच विसरत नाहीं.