मोडलेले नाणे आणि जमवलेली पुंजी

१. दोन प्रेमिकांनी चांदीचे एक नाणे घ्यायचे, त्याचे दोन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा आपल्याजवळ जपायचा. जुन्या इंग्लंडमध्ये वाङ्निश्चयाची ही एक रीत होती. लग्न मात्र लगेच होत नसे. त्यासाठी दोघांना कित्येक वर्षे पैसा साठवावा लागे. ही कथा त्या वर्षांची, आणि साठवलेला पैसा अखेर कोणाचा ठरे, याची.

२. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पहिल्या लग्नाचे सरासरी वय स्त्रियांचे सुमारे २६ आणि पुरुषांचे सुमारे २८ होते. चर्चच्या नोंदवह्यांवरून इतिहासकारांनी हे आकडे काढले. नवदांपत्याने आईबापांच्या घरी न राहता स्वतंत्र चूल मांडावी, असा तिथला रिवाज होता. चूल मांडायची तर भांडवल हवे.

३. हे भांडवल चाकरीतून उभे राही. १५ ते २४ वयोगटातील निम्म्याहून अधिक तरुण-तरुणी परक्या घरी सालाने राबत. अन्न आणि निवारा मालकाचा, रोख वेतन बहुधा साल सरल्यावर. आपल्याकडे सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो, तसा तिथे दक्षिणेत २९ सप्टेंबरच्या आणि उत्तरेत ११ नोव्हेंबरच्या सणाच्या सुमारास होई.

४. मुलगी अंथरूण-पांघरूण, भांडी, जमल्यास एखादी गाय यांसाठी पैसे बाजूला टाकी, मुलगा अवजारांसाठी. चाकराची कुलूपबंद पेटी हीच त्याची तिजोरी. परक्या घरात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा असे. पण पेटीतल्या पैशाला चोरीचे भय होते आणि व्याज नव्हते.

५. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये यावर उपाय निघाला. तिथल्या बँका १० पौंडांपेक्षा कमी ठेव घेत नसत, आणि एवढी तर अनेक मोलकरणींची वर्षाची कमाईदेखील नसे. १८१० मध्ये रथवेल गावचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी सहा पेन्सवर खाते उघडणारी बचत बँक सुरू केली. तीन वर्षे जुन्या खातेदाराला वाढीव व्याज मिळण्याची जी कारणे नियमांत होती, त्यांत लग्न हेही होते.

६. अशा बचत बँका लवकरच इंग्लंडभर पसरल्या. पुंजी आता सुरक्षित होती. धोका चोराकडून उरला नव्हता. तो विवाहवेदीवर उभा होता.

७. इंग्लिश कॉमन लॉनुसार लग्न होताच पत्नीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होई. तिची रोकड, दागिने, पुढची मजुरीसुद्धा पतीची. दहा वर्षांची बचत त्याने दारूत उडवली किंवा त्याच्या सावकाराने नेली, तरी तिला दाद मागता येत नसे. स्त्रीधनाची कल्पना ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हे विलक्षण वाटेल.

८. श्रीमंतांनी पळवाट काढली होती. मुलीची मालमत्ता लग्नापूर्वीच विश्वस्तांच्या नावे करून दिली जाई. पण त्यासाठी वकील लागे, आणि वकिलाला पैसे लागत. मोलकरणीला ही वाट बंद होती.

९. स्त्रियांनी चालवलेल्या दीर्घ चळवळीनंतर १८७० मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. पत्नीची यापुढची मजुरी तिची ठरली. शिवाय बचत बँकेत स्त्रीच्या नावे यापुढे ठेवलेली रक्कम, ती लग्नाआधी ठेवलेली असली तरी, तिचीच राहील असे त्यात होते. पेटीत ठेवलेल्या रोकडीला हे संरक्षण नव्हते. ते १८८२ च्या व्यापक कायद्याने दिले. स्कॉटलंडमध्ये पत्नीच्या जंगम मालमत्तेवरचा पतीचा मालकीहक्क १८८१ च्या कायद्याने संपवला.

१०. दोघांनी मिळून पैसा साठवणे म्हणजे परस्परांवर विश्वास ठेवणे. पण त्या विश्वासाची जोखीम शतकानुशतके एकटीनेच उचलली. नाणे मोडताना अर्धा तुकडा तिच्या हाती देणे प्रेमिकांना सहज सुचले होते. कायद्याला ते सुचायला १८७० साल उजाडावे लागले.