टॅमनी हॉल : पक्षयंत्रणा आणि सुधारणा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील अनेक मोठ्या शहरांचा कारभार ‘पोलिटिकल मशीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षयंत्रणांच्या हाती होता. न्यूयॉर्कमधील डेमोक्रॅटिक पक्षाची ‘टॅमनी हॉल’ ही त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध संघटना. १९०२ ते १९२४ या काळात चार्ल्स मर्फी हे तिचे नेते, म्हणजेच ‘बॉस’ होते.

युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांना नोकरी, जळणाचा कोळसा आणि अडीअडचणीला आधार देऊन ही संघटना त्यांची मते मिळवीत असे. पालिकेतील नेमणुका आणि कंत्राटे हा तिच्या सामर्थ्याचा, तसाच भ्रष्टाचाराचाही मूलस्रोत होता.

सुधारणावाद्यांनी प्रथम उमेदवार-निवडीच्या अधिकारावर लक्ष केंद्रित केले. १९०४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने सार्वमताद्वारे हा अधिकार नेत्यांकडून काढून मतदारांना दिला. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेट सदस्यांची निवडही थेट जनतेकडे आली.

तथापि, केवळ निवडणूक नियम बदलून यंत्रणा संपली नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे नेतृत्व रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ या टॅमनीच्याच लोकप्रतिनिधींनी केले. आयोगाच्या शिफारशींवरून कामगार-सुरक्षेचे अनेक कायदे संमत झाले.

१९३३ मध्ये टॅमनीविरोधी फिओरेलो ला गार्डिया महापौरपदी निवडून आले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन आणि बेरोजगारांना भत्ता देण्याची व्यवस्था केली. जी मदत पूर्वी नेत्याची मेहरबानी होती, ती आता कायद्याने मिळू लागली.