उभं राहून वल्हवणारा पहिला माणूस कोण?

मागच्या लेखात वसईच्या खाडीत भरतीबरोबर गाळ कसा आत येतो आणि ओहोटीला त्यातला काही मागेच कसा राहतो, ते सांगितलं होतं. माझं पीएचडीचं काम त्या गाळावरच आहे, त्यामुळे मला त्यात रस असणं साहजिक आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो लेख शेवटपर्यंत वाचला, याचं मात्र आश्चर्य वाटलं. वाचणाऱ्यांत माझी एक मैत्रीणही होती. पापडीच्या तलावाकाठी फिरताना ती म्हणाली, "गाळाचं राहू दे गं. मला एवढंच सांग, या खाडीत पॅडलबोर्ड घेऊन उतरता येईल का?"

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एका लांबरुंद फळीवर उभं राहायचं आणि एकाच उंच वल्ह्याने कधी डावीकडून, कधी उजवीकडून पाणी मागे सारत पुढे जायचं. याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात, थोडक्यात 'सप'. मैत्रिणीने ते गोव्यात एकदा केलं होतं. "हवाईत शोध लागला म्हणे याचा," ती म्हणाली. मी ताबडतोब उत्तर दिलं, "हवाई कसलं! आपले कोळी शेकडो वर्षं हेच करतायत."

घरी आल्यावर प्रश्न पडला की हे मी कशाच्या आधारावर बोलले? गाळाच्या बाबतीत मी नमुना घेतल्याशिवाय एक वाक्य लिहीत नाही आणि इतिहासाच्या बाबतीत मात्र बिनधास्त ठोकून दिलं. मग शोधायला बसले. त्यातून जे हाती आलं, ते आज सांगते. आधीच कबूल करते की माझं वाक्य अर्धं चुकीचं निघालं.

हवाईची बाजू

कॅप्टन कुकच्या जहाजांबरोबर आलेल्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये हवाईतल्या लोकांना फळ्यांवरून लाटांवर स्वार होताना पाहिलं आणि ते लिहून ठेवलं. पण लाटेवरची ही फळी वल्ह्याने चालत नाही. त्यावर पालथं पडून हातांनी पाणी कापत लाटेपर्यंत जायचं आणि लाटेने वेग दिला की उठायचं. लाट नसताना उभं राहण्याचा प्रश्नच नाही.

विसाव्या शतकात या फळीला दोन वेगळ्या वाटा फुटल्या. पहिली वाट लांब पल्ल्याची. ड्यूक कहानामोकू हे हवाईचे जलतरणपटू, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधले सुवर्णविजेते. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटली, तेव्हा त्यांनी आपल्या फळीवरून पुन्हा पुन्हा जाऊन आठ जणांना बाहेर काढलं. फळी हे खेळणं नाही, जीव वाचवायचं साधन आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुढे टॉम ब्लेक यांनी आतून पोकळ, हलकी फळी तयार केली आणि १९३२ मध्ये ते दोन साथीदारांसह मुख्य भूमीपासून कॅटलिना बेटापर्यंतची खाडी फळीवरून पार करून गेले. हे सगळं मात्र पालथं किंवा गुडघ्यांवर राहून, हातांनी.

दुसरी वाट वाइकिकीच्या किनाऱ्यावरची. तिथे पर्यटकांना लाटांवर स्वारी शिकवणारे स्थानिक तरुण होते, त्यांना 'बीच बॉय' म्हणत. त्यांच्यातले काही जण मोठ्या फळीवर उभे राहून होडीचं वल्हं वापरायला लागले. उभं राहिल्यावर आपले शिकाऊ नीट दिसतात, मागून येणारी लाट दिसते आणि गळ्यातला कॅमेरा कोरडा राहतो. म्हणजे सुरुवात हौसेपेक्षा रोजच्या कामातल्या सोयीतून झाली. २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या नामवंत लाटस्वारांनी हीच पद्धत उचलली आणि मग ती जगभर गेली. हवा भरून ताठ होणाऱ्या आणि घडी करून पाठीवर नेता येणाऱ्या फळ्या आल्यावर समुद्राचीही गरज उरली नाही. तलावही पुरायला लागला.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस बर्टिश मोरोक्कोहून निघाले आणि ९३ दिवसांनी, मार्च २०१७ मध्ये, अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला पोचले. एकटे, उभ्याने वल्हवत. त्यांची 'फळी' झोपायला खोपी असलेली, खास बांधलेली होती, पण हालचाल तीच.

एवढं नाव झाल्यावर भांडण आलंच. हा खेळ कोणाचा? लाटस्वारी संघटना म्हणाली फळी आमची, कनू आणि कयाकवाली संघटना म्हणाली वल्हं आमचं. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात गेलं. २०२० मध्ये निकाल लागला की ऑलिंपिकच्या पातळीवर हा खेळ लाटस्वारी संघटनेकडे, बाकी स्पर्धा दुसऱ्यांनाही घेता येतील.

थोडं गणित

आता माझ्या ओळखीच्या प्रांतात येऊ. स्थिर पाण्यात फळीवर उभं राहणं अवघड का असतं? पालथं पडलं की शरीराचा गुरुत्वमध्य फळीपासून वीतभर उंच असतो. उभं राहिलं की तो जवळजवळ मीटरभर वर जातो. फळी थोडी जरी कलली तरी तुमचं वजन तिला आणखी कलवायला बघतं. तिला परत सरळ करतं ते पाणी. कललेल्या बाजूला फळी जास्त बुडते, तिथून पाणी जास्त रेटा देतो आणि फळी मागे येते. जहाजांसाठी हा हिशेब फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी १७४६ च्या ग्रंथात मांडला.

या हिशेबातली मजेची गोष्ट अशी, की लांबी आणि वजन तेच ठेवलं तर पाण्याचा हा रेटा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लाटेवरची साधी फळी साधारण ५० सेंटीमीटर रुंद धरा आणि सपची ८० सेंटीमीटर. रुंदी १.६ पट झाली. १.६ चा घन किती? चारच्या थोडा वर. म्हणजे फळी दीड वितीने रुंद केली आणि आधार चौपट झाला!

म्हणून शांत पाण्यावर उभं राहायचं असेल तर दोनच मार्ग: तळ रुंद करा, नाहीतर लहानपणापासून सवय करा. जगात जिथे जिथे माणसं उभ्याने वल्हवतात तिथे यातला एक तरी सापडतो, बरेचदा दोन्ही. म्यानमारच्या इन्ले तलावातले कोळी अरुंद होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून होडी चालवतात, कारण पाणवनस्पतींच्या दाटीतून वाट दिसायला उंची लागते. व्हेनिसचे गोंडोलावालेही उभेच असतात.

मग आपल्याकडे?

रुंद तळाचं भारतातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कोरोमंडल किनाऱ्यावर आहे: कट्टुमरम. तमिळमध्ये अर्थ सरळ आहे, बांधलेली लाकडं. ओंडके दोरांनी शेजारी शेजारी बांधायचे आणि त्यावर गुडघ्यांवर बसून किंवा उभं राहून वल्हवायचं. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द इथूनच गेला. मद्रासला बंदर बांधलं जाण्याआधी जहाजं दूर उभी राहायची आणि फुटत्या लाटांमधून त्यांच्यापर्यंत चिठ्ठ्या पोचवायचं काम हेच लोक करायचे, चिठ्ठी डोक्यावरच्या टोपीत कोरडी ठेवून. वाइकिकीचा कॅमेरा आणि मद्रासची चिठ्ठी, अडचण एकच.

पण हा झाला पूर्व किनारा. मी तर म्हटलं होतं 'आपले कोळी'. मग आपल्या बाजूचा पुरावा बघितला. वसईहून लोकलने बोरिवलीला उतरलं की जवळच एकसरचे वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर नौकांची लढाई कोरलेली आहे. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक ती जोडतात. त्या नौकांना वल्ह्यांच्या रांगा आहेत. म्हणजे इथे वल्हं होतं, आरमार होतं, लढणारे होते. पण लढाऊ जहाजाची वल्ही आणि एकट्या माणसाची फळी यांचा संबंध जोडणं म्हणजे बैलगाडीवरून सायकलचा शोध सिद्ध करण्यासारखं आहे.

शेवटी पाचूबंदरला राहणाऱ्या, आता मासेमारी सोडलेल्या एका काकांना विचारलं. मला हवं ते उत्तर मिळावं म्हणून प्रश्नही तसाच केला: "काका, तुम्ही पूर्वी उभे राहूनच वल्हवायचात ना?"

ते हसले. "उभं कशाला राहू? कंबर मोडून घ्यायला? वल्हवायला बसायचं. उभं राहायचं जाळं टाकताना, नाहीतर पाणी उतरल्यावर बांबूने गाळात रेटा द्यायला. आणि वारा असला की वल्हं कोण मारतो? शीड आहे ना!"

एका दमात माझं वाक्य निकालात निघालं. आणि विचार केल्यावर कारणही कळलं. कोरोमंडल किनारा उघडा, सरळ. लाटा थेट वाळूवर फुटतात आणि भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. तिथे पाणी भरून बुडणारच नाही असं साधन हवं, म्हणून ओंडके. आपल्याकडे खाड्या आहेत. होडी आत आणून सुखरूप ठेवता येते. उधाणाच्या दिवशी भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते, ओहोटीला तोच भाग चिखल होतो. इथे फळ्यांची बांधीव होडी, शीड आणि गाळासाठी बांबू हेच बरोबर उत्तर होतं. आपल्या लोकांनी सप शोधलं नाही, कारण आपल्या पाण्याला त्याची गरज नव्हती. यात कमीपणा काही नाही. उलट 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' असं म्हणताना आपण त्या लोकांना खरंच जे येत होतं तेच पुसून टाकतो, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग पहिला माणूस कोण? खेळाला जन्मतारीख असते, कारण त्याला नाव, नियम आणि किंमत मिळते. कामाला ती नसते. ओंडके बांधून पहिल्यांदा त्यावर उभा राहिलेला माणूस घरी मासे घेऊन गेला असेल, त्याची नोंद कोण ठेवणार? लोझानला दोन संघटना भांडल्या, तिथे ओंडके बांधणाऱ्यांच्या वतीने कोणी उभं नव्हतं.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर

आता मूळ प्रश्न: खाडीत उतरता येईल का? तलाव आणि खाडी यांत फळी तीच असली तरी पाणी वेगळं असतं. तलावात थकलात तर थांबता येतं. खाडीत थांबलात की पाणी तुम्हाला नेतं. ओहोटीचा वेग तुमच्या वल्हवण्याइतका झाला की तुम्ही घाम गाळत जागच्या जागी राहता, आणि किनाऱ्याकडे वळलात तर पाय ठेवायला गाळ, ज्यात उभं राहता येत नाही.

दुसरं म्हणजे वारा. सकाळी समुद्र शांत दिसतो म्हणून नवखे लोक सकाळी उतरतात. पण तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. उभं शरीर हे शीडच आहे. पूर्वीचे शिडवाले मतलई वाऱ्यावर बाहेर जायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. त्यांच्याकडे शीड होतं, दिवसभराची शिदोरी होती. तुमच्याकडे फक्त दोन हात. वारा बाहेर रेटायला लागला तर ताबडतोब गुडघ्यांवर बसा, गरज पडली तर पालथे व्हा. लाइफ जॅकेट आणि फळीशी बांधणारी दोरी हवीच. फळी सोडून पोहायला लागायचं नाही.

हवाईच्या एडी ऐकाऊंची गोष्ट मला सारखी आठवते. मार्च १९७८ मध्ये 'होकुलेआ' ही नौका वादळी समुद्रात उलटली, तेव्हा हा निष्णात जीवरक्षक मदत आणायला फळी घेऊन एकटा निघाला. बाकीचे वाचले, ते सापडलेच नाहीत. इतक्या जाणत्या माणसाला समुद्राने परत पाठवलं नाही.

हे सगळं ऐकून मैत्रीण जरा गप्प झाली. मग तिला काकांनी शिकवलेला हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा. चंद्र दर तिथीला साधारण ४८ मिनिटं मागे पडतो आणि हा हिशेब ४५ धरतो. तोंडी गणिताला तीन मिनिटांची चूक! माझं संगणकावरचं प्रतिरूप याहून अचूक आहे, पण ते चालवायला वीज लागते.

तिने फोनवर पंचांग उघडलं. रविवारी षष्ठी निघाली. सहाची पाऊणपट, साडेचार. "म्हणजे साडेतीनला उतरायचं, भरतीबरोबर आत जायचं आणि पाणी फिरायच्या आत काठाला यायचं," ती म्हणाली. बरोबर होतं. मी काकांना फोन करून विचारलं, होडी घेऊन बरोबर याल का.

"येतो की," ते म्हणाले. "पण मी बसून येईन."