मुंबईचा एक आलेख आणि आमचा तक्ता

साथीच्या रोगांचे गणित शिकवणाऱ्या पुस्तकांत मुंबईचा एक आलेख हमखास भेटतो. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, त्याचा हा आलेख. घंटेच्या आकाराची एक रेषा आणि तिच्या अगदी जवळून जाणारे ठिपके. ही रेषा 1927 मध्ये एडिंबरोच्या दोघांनी काढली. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर, तर विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. केरमॅक यांची दृष्टी 1924 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती. म्हणजे हा आलेख त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही!

त्यांची कल्पना साधी होती. लोकसंख्येचे तीन गट करायचे: रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने सरकतात, ते समीकरणात मांडायचे. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. साथ थांबायला रोग होऊ शकणारी सगळी माणसे संपावी लागत नाहीत. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आली की साथ ओसरू लागते.

मार्च 2020 मध्ये पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले, ते दुबईहून परतलेले दांपत्य. पंधरवड्यात टाळेबंदी आली, प्रयोगशाळा बंद झाली आणि आम्ही तिघे घरात बसलो. हा मुंबईचा आलेख आम्हाला तेव्हा आठवला. राज्याच्या आरोग्य विभागाचे पत्रक रोज संध्याकाळी निघे. त्यातले जिल्हावार आकडे एका तक्त्यात भरायचे आणि रात्री आलेख काढून ओळखीच्या डॉक्टरांना व शिक्षकांना पाठवायचा, असे आम्ही ठरवले. कोणी सांगितले नव्हते, पैशांचा प्रश्नच नव्हता. देशभर अशी कितीतरी माणसे हेच करत होती. ‘कोविड19इंडिया’ या स्वयंसेवकांच्या गटाने तर सगळ्या राज्यांचे आकडे 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत गोळा केले.

पहिल्याच महिन्यात आम्ही फसलो. सोमवारी-मंगळवारी आकडे उतरत, आम्ही खूश होत असू. गुरुवारी ते पुन्हा चढत. कारण साधेच होते. रविवारी चाचण्या कमी होत. विषाणूला रविवारची सुट्टी नसते, ती तंत्रज्ञाला असते. मग आम्ही सात दिवसांची सरासरी काढू लागलो, कारण सलग सात दिवसांत रविवार एकदाच येतो. (वर्गात करून पाहायचे असेल, तर शाळेच्या रोजच्या हजेरीवर हा प्रयोग छान होतो. आठवडी बाजाराच्या दिवशीचा खड्डा सरासरीत नाहीसा होतो.) रुग्णांच्या आकड्याशेजारी चाचण्यांचा आकडाही लिहायला आम्ही तेव्हाच शिकलो. शंभर चाचण्यांत किती जणांना रोग निघाला हे कळल्याशिवाय नुसत्या रुग्णसंख्येला फारसा अर्थ नाही.

दुसरी चूक अधिक महागाची. फेब्रुवारी 2021 च्या सुमारास देशात दिवसाला सुमारे 11 हजार रुग्ण उरले होते. सप्टेंबर 2020 मध्ये ते 97 हजारांच्या वर गेले होते. आम्हीही कंटाळलो होतो. रोजचा आलेख आठवड्यावर नेला. अमरावतीची रेषा वर वळली ती आम्हाला वर्तमानपत्रानंतर दिसली. त्या महिन्याच्या 22 तारखेला तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. आमच्या आलेखाने काही थांबले असते असे नाही, पण ज्या कामासाठी बसलो होतो तेच नेमके त्या वेळी केले नाही, ही बोच राहिली.

मेच्या पहिल्या आठवड्यात देशातला रोजचा आकडा 4 लाख 14 हजारांवर गेला. त्याच महिन्यात आमच्यापैकी एकाचे काका मराठवाड्यातल्या गावी वारले. ताप, खोकला, मग धाप. चार दिवसांत संपले. चाचणी झालीच नाही. त्या संध्याकाळी पत्रकात त्यांच्या जिल्ह्यापुढे मृत्यूंचा जो आकडा होता, त्यात काका नव्हते. तो आकडा आमच्या मित्रानेच तक्त्यात भरला.

जूनमध्ये बिहारने फेरतपासणी करून 3,951 जुने मृत्यू एकाच दिवशी जाहीर केले. आलेखावर खांबासारखी एक उभी रेघ उमटली, जणू ती माणसे त्याच दिवशी गेली होती. पुढे, मे 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 व 2021 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्या दोन वर्षांचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारला संघटनेची पद्धत मान्य झाली नाही. पद्धतीवर वाद होऊ शकतो. परंतु मधले अंतर नुसत्या पद्धतीने भरून निघेल असे आम्हाला वाटत नाही.

मग मुंबईच्या त्या सुबक आलेखाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा घरझडतीच्या आणि सक्तीने हलवले जाण्याच्या भीतीने लोक रोगी लपवत, मृत्यूही लपवत. दहा वर्षांनंतरच्या ठिपक्यांत असे किती जण नसतील? शिवाय प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी ही अडचण आपल्या निबंधात नोंदवलेली आहे. पाठ्यपुस्तकांनी आलेख तेवढा उचलला.

ऑक्टोबर 2021 मध्ये आमच्यापैकी दोघांना कामासाठी लंडनला जायचे होते. ब्रिटनने एप्रिलमध्ये भारताला लाल यादीत टाकले होते, ऑगस्टमध्ये बाहेर काढले. आम्ही रात्री बसून जी रेषा काढत होतो, तिच्यावरून कोणाला विमानात बसता येईल ते ठरत होते. आम्ही दोघांनीही कोविशिल्डच्या दोन मात्रा घेतल्या होत्या. ही लस पुण्यातच बनलेली, आणि ब्रिटननेही तिच्या 50 लाख मात्रा त्याच वर्षी मागवून घेतलेल्या. तरी 4 ऑक्टोबरपासूनच्या नियमाप्रमाणे दहा दिवस खोलीत बसणे भाग होते. शंका लसीबद्दल नव्हती, प्रमाणपत्राबद्दल होती; त्यावर पूर्ण जन्मतारीख हवी होती. भारतानेही ब्रिटिश प्रवाशांना तसाच नियम लावला. 11 तारखेपासून ब्रिटनने सूट दिली आणि आम्ही पुढे ढकललेल्या तिकिटांवर निघालो.

लंडनला थेम्सच्या काठी, पार्लमेंटसमोर, एक लांबलचक भिंत आहे. मार्च 2021 मध्ये आप्त गमावलेल्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी तिच्यावर हाताने लाल बदाम रंगवायला घेतले, कोविडने गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. सुमारे दीड लाख बदाम झाले. आम्ही गेलो तेव्हा काही बदामांत नावे लिहिलेली होती, काहींचा रंग उडून गुलाबी झाला होता. सवयीने आम्ही एका वावेतले बदाम मोजले आणि भिंतीच्या लांबीने गुणायला लागलो. मित्राचे मोजणे मध्येच थांबले.

त्या रात्री त्याने आमचा जुना तक्ता उघडला आणि मे 2021 च्या पानावर एक ओळ वाढवली. जिल्हा, वय, तारीख. चाचणीच्या रकान्यात त्याने आडवी रेघ ओढली.