गोषवाऱ्यात आकडे हवेत: पक्षाघाताच्या परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी थोडा इतिहास

परिषदांना ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचे दिवस जवळ आले, की कराड आणि मिरजेहून मला साधारण एकाच चालीचे मेसेज येतात: "ताई, अडीचशे शब्दांत काय काय बसवू?" यंदा पक्षाघाताच्या परिषदेला पाठवणारे तुमच्यात बरेच जण आहेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय लेखनाच्या इतिहासावर पीएचडी करतेय, त्यामुळे उत्तरही इतिहासातूनच देणार. चालवून घ्या.

आधी शब्द बघू. ॲबस्ट्रॅक्टला आपण 'गोषवारा' म्हणतो. हा शब्द फारसीतून मराठी दफ्तरात आला, तो हिशेबाच्या निमित्ताने. पानोपानीच्या जमा-खर्चाचं सार एका जागी मांडायचं, तो गोषवारा. "जमाखर्च नंतर सांगू" असं लिहिलेल्या कागदाला कुठल्याही कारकुनाने गोषवारा म्हटलं नसतं.

मी मात्र नेमकं तेच केलं होतं. माझ्या पहिल्या ॲबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य होतं, "निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल." तो परत आला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा: "मग आम्ही वाचायचं काय?" दोन दिवस राग होता. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की ही खोड एकट्या माझी नाही, जुनी आहे.

१९८७ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात ब्रायन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने एक प्रस्ताव मांडला. गोषवारा सलग परिच्छेदात न लिहिता ठरलेल्या मथळ्यांखाली लिहावा: उद्देश, अभ्यासाची रचना, ठिकाण, रुग्ण, उपचार, मोजमाप, निकाल, निष्कर्ष. कारण साधं होतं. गडबडीतल्या डॉक्टरला दोन मिनिटांत ठरवता आलं पाहिजे, की हा अभ्यास विश्वासार्ह आहे का आणि माझ्या रुग्णाला लागू पडतो का. आज परिषदेच्या फॉर्मवर जे चौकोन भरताना आपण वैतागतो, त्यांचं मूळ इथे आहे. २००८ मध्ये यादृच्छिक चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी 'कन्सॉर्ट'ची वेगळी यादीही आली.

आता पक्षाघाताकडे. आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणायचे आणि बऱ्याचदा तिथेच विषय संपायचा. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या 'निंड्स' चाचणीचा निकाल छापून आला. ६२४ रुग्णांवरची ही चाचणी होती. रक्तवाहिनी तुंबल्यामुळे झालेल्या झटक्यात पहिल्या ३ तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर तीन महिन्यांनी अपंगत्व फारसं न उरलेले रुग्ण जास्त दिसले. २००८ मध्ये आणखी एका चाचणीने ही मुदत ४.५ तासांपर्यंत नेली. तेव्हापासून या आजारात घड्याळ हेच मोठं मोजमाप झालं.

म्हणून "बहुतांश रुग्ण उशिरा आले" हे वाक्य तुमच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये चालणार नाही. किती रुग्णांपैकी किती? लक्षणं सुरू झाल्यापासून दारात पोचेपर्यंत किती मिनिटं? झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला असेल, तर वेळ कधीपासून धरली? नियम असा, की माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून धरायची. तुम्ही काय धरलंत ते एका वाक्यात सांगा.

"पण परिषदेतल्या पोस्टरला विचारतो कोण?" असंही तुम्ही म्हणता. ऑक्टोबर २०१४ ची गोष्ट ऐका. इस्तंबूलच्या जागतिक पक्षाघात परिषदेत नेदरलँड्सच्या 'मिस्टर क्लीन' चाचणीचा निकाल मांडला गेला. ५०० रुग्ण होते. नळीवाटे गुठळी काढलेल्यांपैकी ३२.६ टक्के स्वतःचं स्वतः करू लागले, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १९.१ टक्के. लेख छापून यायचा होता, तरी निकाल ऐकून इतर देशांत चालू असलेल्या अशाच चाचण्यांनी आपापली आकडेवारी मधेच तपासली आणि काही वेळेआधी थांबवल्या. परिषदेत मांडलेल्या आकड्यांचं वजन एवढं असतं.

आपली चाचणी एवढी मोठी नसते, मान्य. मग महाराष्ट्रातलाच नमुना घ्या. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतले डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकारी यांचा अभ्यास २०१५ मध्ये 'स्ट्रोक' नियतकालिकात आला. ८६ गावं, दोन वर्षं. मृत्यूनंतर घरच्यांशी बोलून कारण ठरवायची पद्धत वापरली. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले. इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. आणि यातले ८७.३ टक्के मृत्यू घरीच झाले. त्याचा गोषवारा मिळवून वाचा. कुठे, कोण, कधी, कसं मोजलं, किती निघाले: सगळं आहे, आणि विशेषणं जवळजवळ नाहीत.

हा घरातला आकडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, कराडचं कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं. दवाखान्यांची परंपरा दोन्ही जिल्ह्यांना आहे. पण पाटणच्या डोंगरातली एखादी वाडी किंवा जत-आटपाडीकडची वस्ती डोळ्यांसमोर आणा. तिथला जो रुग्ण तुमच्या वॉर्डात पोचलाच नाही, तो तुमच्या टक्केवारीत कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून "सातारा-सांगलीतील पक्षाघाताचे रुग्ण" असं शीर्षक देऊ नका. "आमच्या रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण" असं लिहा. शीर्षक लहान झालं तरी ते खरं असेल.

शेवटचा आकडा माझ्या टेबलासमोर चिकटवलाय. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार परिषदांत गोषवाऱ्याच्या रूपात मांडलेल्या अभ्यासांपैकी पूर्ण लेख झाले ते फक्त ३७.३ टक्के. बाकीच्यांचा जगाला दिसणारा पुरावा म्हणजे तो गोषवाराच. तुमच्या वॉर्डातल्या चाळीस-पन्नास माणसांबद्दल पुढच्या संशोधकाला जे कळेल, ते कदाचित एवढंच असेल.

तेव्हा आज रात्री एवढं करा. नैतिक समितीची मंजुरी हातात आहे ना, बघा. मग निकालाचा चौकोन आधी भरा आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेला दोन वाक्यं पुरतात. आणि "चर्चा केली जाईल" हे शब्द दिसले, की खोडा. तिथे आकडा लिहा. आकडा नसेल, तर यंदा पाठवू नका. पुढच्या वर्षी परिषद पुन्हा होईलच.